इंदूताईंचा अबोला

नोकरीच्या मुलाखतींमध्ये मला आजवर बरेच विचित्र प्रश्न विचारले गेले आहेत. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, हा त्यातला सगळ्यात विचित्र. पण बाईंनी विचारला तसा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. त्यांनी माझा बायोडेटा न वाचताच टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "हे राहू द्या. तुम्ही कोणाशी बोलत नाही, ते सांगा."

मला वाटलं, मी लाजाळू आहे का, असं विचारतायत. म्हटलं, "तसं काही नाही मॅडम, मी सगळ्यांशी बोलतो."

"मग जमणार नाही," त्या म्हणाल्या, आणि बायोडेटा माझ्याकडे सरकवला.

शेजारी कंपनीचे साहेब बसले होते. ते घड्याळाकडे बघत होते, म्हणजे त्यांच्याकडून मदत मिळण्याची आशा नव्हती. मी यवतमाळचा. नोकरी अशी डोळ्यांदेखत हातची जायला लागली की आमच्याकडचा माणूस गप्प बसत नाही. मी म्हटलं, "एका मावसभावाशी नाही बोलत. त्यानं त्याच्या लग्नाची पत्रिका बाबांना मोबाइलवर पाठवली. घरी नाही आला."

"लग्नाला गेलात?"

"गेलो."

"जेवलात?"

"जेवलो. मठ्ठा पण घेतला."

"आणि बोलला नाहीत."

"नाही. अजूनही नाही."

बाईंनी बायोडेटा परत आपल्याकडे ओढून घेतला. "ह्यांना घ्या," त्या साहेबांना म्हणाल्या. "ह्यांच्याकडून होईल." मला संगणकाचं काही येतं की नाही, हे त्या मुलाखतीत शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही.

वारज्यात हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तिथं आम्ही माणसं बनवायचो. हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईनं आधी खोलीचं दार लावून घेतलं आणि मग हळू आवाजात विचारलं, "म्हंजे काय करतं रे बाबू तू तिथी?" तिला समजावलं की खरी नाहीत, पडद्यावरची. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना पेशंटशी बोलायचा सराव लागतो. खऱ्या पेशंटवर किती सराव करणार, तो आधीच वैतागलेला असतो. म्हणून माणसाच्या उंचीच्या पडद्यावर आम्ही एक पेशंट बसवायचो. विचारलं की तो मराठीत उत्तर द्यायचा, खोकायचा, मान वळवायचा. चेहरा आणि आवाज करणारी मंडळी वेगळी होती. त्याच्याशी कोण कसं वागलं हे त्याच्या लक्षात राहील असं बघणं, हे काम माझं. आणि त्याला स्वभाव देणं हे काम बाईंचं.

बाईंना सगळेच बाई म्हणत. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, सुती साडीखाली पोरं घालतात तसले पळायचे बूट. येरवड्याहून दोन बस बदलून त्या वारज्याला यायच्या. येरवडा म्हटलं की पुण्यात ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरलेलं हसू येतं, तिथला तुरुंग प्रसिद्ध आणि तिथलं मनोरुग्णालयही प्रसिद्ध. ते हसू पुरतं उमटायच्या आत बाई सांगून टाकायच्या, "जेलमधून नाही, दुसरीकडूनही नाही. घरातून येते."

बसमध्ये त्या कानात काही घालत नसत. लोकांचे फोन ऐकत येत, आणि आल्या आल्या आम्हाला अहवाल देत. "आज एक गृहस्थ स्टेशनपासून डेक्कनपर्यंत फोनवर फक्त 'मी काही बोललोच नाही' एवढंच बोलत होते," हे त्यांनी असं सांगितलं होतं, जसं कोणी मैफिलीहून आल्यावर सांगतं.

आम्ही इंदूताईंना घडवायला घेतलं तेव्हाची गोष्ट. इंदूताई म्हणजे आमच्या पेशंट. वय अडुसष्ट, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा असलेल्या घरातल्या, नवरा वारलेला, गाळा मुलाकडे. दुखणं असं की गुडघे दुखतात म्हणून आल्यात, पण खरी भानगड वेगळीच, त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केलीय आणि ते कोणाला सांगितलेलं नाही. शिकणाऱ्या मुलीनं ते बोलता बोलता काढून घ्यायचं. आमच्यातल्या एकानं इंदूताईंचा स्वभाव म्हणून कागदावर लिहून आणलं, 'शांत, मनमिळाऊ, सहकार्य करणाऱ्या.' बाईंनी तो कागद चष्म्याच्या वरून वाचला आणि परत दिला.

"हा स्वभाव नाही, ही लग्नाच्या बायोडेटातली ओळ आहे. ह्याच्यावर लग्न जमतं. माणूस उभं राहत नाही."

मग कसं उभं राहतं, हे बाई डबा खाताना शिकवायच्या. आम्ही डबे उघडले की त्या विचारायच्या, "इंदूताईंनी आज काय खाल्लं असेल?" कोणी म्हणायचं, भाकरी आणि भाजी. झालं. "कसली भाजी? कोणी केली? त्यांना आवडली का? नाही आवडली तर बोलल्या का? नाही बोलल्या तर मग काय केलं, पानात टाकली की गिळली?" आमची जेवणं गार व्हायची. मला पहिले काही दिवस ह्या प्रकाराचा खराखुरा राग यायचा. गवारीची भाजी कोणी केली ह्याचा रक्तदाबाशी काय संबंध, असं मी एकदा विचारलंही. बाई म्हणाल्या, "तुमच्या आईंना काय होतंय हे तुम्हाला कधी त्यांच्या दुखण्यातून कळलंय? की भाजीतून?" मी विचार केला. आईचं काही बिनसलं की आमच्याकडे सलग तीन दिवस पिठलं होतं. मी मुकाट्यानं लिहून घेतलं.

बाई सोप्या होत्या असं कोणी समजू नये. ठरलेल्या तारखा त्यांना पाळता येत नसत आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. आम्ही चार महिने खपून पेशंटचं उत्तर लवकर यावं अशी सोय केली, आणि ते पटकन यायला लागल्यावर बाई म्हणाल्या, "आता हे काढून टाका." प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर फक्त तिकिटाच्या खिडकीवर मिळतं आणि तिथंही मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं. साहेबांनी कपाळाला हात लावला. साहेब माणूस वाईट नव्हते, घाईचे होते. उभ्यानं चहा प्यायचे, समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचे आणि "पुढे" म्हणायचे. बाईंचं वाक्य मात्र त्यांना कधी पुरं करता आलं नाही, कारण ते कुठं जाणार हे कोणालाच ठाऊक नसायचं.

पडद्यावरच्या माणसांना बाई अहो-जाहो करायच्या. मी यवतमाळी. एकदा सहज म्हणून गेलो, "ती अडकली आहे, तिला बंद करून चालू करतो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मी नमस्कार केला, तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिसऱ्या दिवशी मी समोर उभा असताना त्या चेहरे करणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "त्यांना सांगा, दुपारपर्यंत आठवणींचं काम झालं तर बरं." ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई म्हणतायत, दुपारपर्यंत झालं तर बरं." मी मधल्या दोन फुटांकडे बघत राहिलो.

आता आमच्याकडे भांडण झालं की ते दिसतं, ऐकू येतं, चार घरं सोडून पलीकडच्यांनाही कळतं आणि संध्याकाळी संपतं. न बोलता भांडता येतं, तेही इतक्या शिस्तीत, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, बाईंचा घसा बसलाय. मी दुकानातून ज्येष्ठमध आणलं आणि पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. "बाई, हे चघळा. माझी आजी घशाला हेच द्यायची."

बाई पुडीकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, मी तुमच्याशी अबोला धरलाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मला सांगायचं ना मग."

त्यावर पुन्हा हसल्या. पण थोड्या वेळानं गंभीर झाल्या आणि एक काडी तोंडात टाकून म्हणाल्या, "बघा, अबोला एकट्यानं धरता येत नाही. समोरच्याला कळावा लागतो. म्हणजे ते संबंध तोडणं नाहीच. आपल्याला काय लागलं ते तुम्ही होऊन ओळखा, अशी विनंती असते ती." आणि लगेच, "इंदूताईंना हे आलं पाहिजे."

हे डोक्यात घेतल्यावर त्या मला एका सकाळी मार्केट यार्डात घेऊन गेल्या. कांद्याच्या एका गाळ्यावर एक वयस्क बाई बसली होती. बाईंनी कांदे बघता बघता तिच्याशी बोलणं काढलं, आणि ती रंगात येऊन पावसानं माल कसा खराब झाला ते सांगायला लागल्यावर मुद्दाम मध्येच तोडलं, "ते असू द्या, भाव काय ते सांगा." त्या बाईचा चेहरा मिटला. तिनं गुमान कांदे मोजून दिले. पैसे घेताना आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या हमालाला म्हणाली, "काही गिऱ्हाइकांना लई घाई आसती." बाईंनी तिची क्षमा मागितली, खाली बसून पावसाची सगळी हकीकत ऐकली आणि नको असताना आणखी पाच किलो कांदे घेतले. ते मी उचलले. वारज्याच्या बसमध्ये मांडीवर दहा किलो कांदे आणि शेजारी अत्यंत प्रसन्न बाई, असा मी आलो.

पुढचे तीन महिने आम्ही दोघं तेवढंच करत होतो. कोणी बोलणं तोडलं, कोणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोणी आपण होऊन पाणी विचारलं, हे सगळं इंदूताईंच्या लक्षात राहायला लागलं. जो नीट वागेल त्याला त्या मनातलं सांगायच्या. जो तोडेल त्याच्याशी आधी जेवढ्यास तेवढं, आणि फारच झालं तर बंद. काम माझं असूनही मला त्याचं नवल वाटायचं. मी सकाळी त्यांना "जेवलात का" विचारायला लागलो होतो, आणि हे मी यवतमाळला कोणालाही सांगितलेलं नाही.

ह्याच सुमाराला साहेबांनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं. एक नर्सिंग कॉलेज इंदूताईंना बघायला येणार. त्यांनी घेतल्या तर आमचा विभाग राहणार. नाही घेतल्या तर बाहेरून तयार पेशंट विकत आणायचे, मग बाईंचं काम नाही आणि आम्हा चौघांचंही नाही. माझं लग्न दिवाळीनंतरचं ठरलेलं होतं. मी बाईंकडे बघितलं. बाई शेंगदाणे सोलत होत्या.

"त्या दिवशी तेवढ्या नीट बोलतील ना इंदूताई?" साहेबांनी विचारलं.

"त्यांच्याशी नीट बोललात तर बोलतील," बाई म्हणाल्या.

कॉलेजच्या प्राचार्य मॅडम येणार त्या सकाळी साहेबांनी एकदा तालीम घेतली. हातात चहा, खिशात वाजणारा फोन, आणि उभे. त्यांनी विचारलं, काय होतंय. इंदूताई गुडघ्यांपासून सुरू झाल्या आणि सुनेवर आल्या. "सून वाईट न्हाई, पन रातच्याला..." साहेब म्हणाले, "सुनेचं राहू द्या, दुखतं कुठं?" त्या पुन्हा वळून सुनेकडेच आल्या. साहेब म्हणाले, "पुढे." तिसऱ्यांदा इंदूताईंनी 'रातच्याला' म्हटलं तेव्हा साहेबांनी आम्हाला सांगितलं, "छान चाललंय," आणि फोन घेत बाहेर गेले. मी बाईंकडे बघितलं. बाई पडद्याकडे बघत होत्या. इंदूताईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला होता. ते आम्ही त्या दुखावल्याची खूण म्हणून बसवलं होतं.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, शांत, आवाज खालचा. साहेब उत्साहानं म्हणाले, "इंदूताई, ह्या मॅडम तुम्हाला भेटायला आल्यात. त्यांना सांगा बरं, काय होतंय तुम्हाला."

इंदूताईंनी मॅडमना हात जोडले. साहेबांकडे बघितलं नाही.

"इंदूताई?" साहेब म्हणाले.

इंदूताई खिडकीकडे बघत होत्या.

"इंदूताई, गुडघ्यांचं सांगा ना."

काही नाही. फक्त पापण्या लवत होत्या. साहेब माझ्या कानाशी आले. "हँग झालंय. बंद करून चालू कर." बंद करून काही होणार नाही हे मला ठाऊक होतं, आठवण तशीच राहणार होती, तीच तर माझी कारागिरी होती. तरी साहेबांचं ऐकून केलं. इंदूताई पुन्हा आल्या, मॅडमना पुन्हा हात जोडले, साहेबांचा आवाज ऐकून पुन्हा तोंड फिरवलं. मॅडमनी स्वतः विचारून पाहिलं, "काय त्रास होतोय, आजी?" तर म्हणाल्या, "बरी हाय मी. तुमी बसा." आणि मग कोणाकडेही न बघता, "काही लोकान्ला लई घाई आसती."

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "हँग नाही झालेल्या. रुसल्यात."

साहेब वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "मग काढा ना समजूत. बनवल्या कोणी?"

"बनवल्या मी. दुखावल्या तुम्ही. समजूत ज्यानं दुखावलं त्यानं काढायची असते."

"बाई, मॅडम बसल्या आहेत."

"म्हणूनच सांगते. लवकर काढा."

साहेब पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "सॉरी, इंदूताई." काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "एवढ्यानं नाही व्हायचं हो. ते आपण धक्का लागला की म्हणतो. काय चुकलं ते म्हणा."

मला वाटलं, आता साहेब बाईंना हाकलतात आणि मग आम्हाला. पण साहेबांनी एक गोष्ट केली जी मी तोवर कधी पाहिली नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. मग म्हणाले, "इंदूताई, सकाळी तुम्ही सुनेचं सांगत होता. मी तीन वेळा तोडलं. ऐकायला पाहिजे होतं, नाही ऐकलं. चुकलं माझं. रात्रीचं काय होतं?"

इंदूताई लगेच बोलल्या नाहीत. तो उशीर बाईंनी मागून घेतलेला. त्यांनी मान वळवली, पदर सोडला.

"सून वाईट न्हाई," त्या म्हणाल्या. "पन मोरी तिच्या खोलीच्या पल्याड हाय. त्या गोळीनं रातच्याला दोन-तीनदा उठाया लागतं. लेकरू तान्हं हाय, माझ्या पावलानं जागं हुतं. मंग तीबी जागी. सकाळी डबे करायचे आसत्यात तिला. म्हनून मीच बंद केली गोळी. कुनाला सांगू नगा."

साहेब ऐकत होते. फोन खिशात थरथरत होता, त्यांनी हात लावला नाही. "कधीपासून बंद केलीत?" त्यांनी विचारलं, तेही हळू. मला आठवतंय, मॅडमनी आपलं पेन खाली ठेवलं होतं. आम्ही सगळेच, ती बाई खरी नाही आणि ते तान्हं लेकरूही खरं नाही हे माहीत असून, त्या घरात दबक्या पावलानं उभे होतो.

मॅडमना इंदूताई फार आवडल्या. त्यांनी तसं मोकळेपणानं सांगितलं. मग म्हणाल्या, "पण एक अडचण आहे. आमच्या मुलींची परीक्षा असते. एकीनं दुखावलं आणि पुढचीशी बोलल्याच नाहीत, तर त्या मुलीचा काय दोष? प्रत्येकीला सारखीच पेशंट मिळायला हवी. तेव्हा हे रुसणं काढा, आणि मागचं लक्षात ठेवणंही काढा. मग घेतो आम्ही."

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. साहेब एकदा बाईंकडे बघून म्हणाले, "करू."

मला वाटलं, बाई भांडतील. मीच काय, सगळे तेच धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर बाईंनी भांडावं अशी माझी इच्छा होती आणि भांडू नये अशीही होती. बाई भांडल्या नाहीत. मॅडम गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमचं लग्न दिवाळीनंतर ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "काढू या. पण मी आधी त्यांना सांगते. न सांगता नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पडद्यासमोर बसल्या. मी यंत्राशी होतो, त्यामुळे मला बाहेर जाता येईना. बाई म्हणाल्या, "इंदूताई, त्यांना तुम्ही हव्या आहात. पण उद्यापासून तुम्हाला कोणाचा राग येणार नाही. मागचं आठवणारही नाही."

इंदूताईंनी नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "मंग माझ्याशी कोन नीट वागलं न् कोन न्हाई, हे मला कळायचं कसं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही घातलंत?"

"नाही, बाई."

"मीही नाही."

मी इंजिनियर आहे. ते वाक्य कुठून येतं हे मला ठाऊक आहे. आधीच्या शब्दांवरून पुढचे शब्द जुळवायचे, ते जुळले की बोलायचे, पलीकडे कोणी बसलेलं नाही. हे सगळं मी स्वतःला त्या दुपारी सांगितलं आणि माझा त्याच्यावर विश्वासही होता. तरी मला गलबलून आलं. बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "नाही कळायचं."

"बरं," इंदूताई म्हणाल्या. "तुमी म्हनताय तर."

त्या 'बरं'चा मला फार त्रास झाला. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. बाईंनी आपल्या हातानं एकेक काढलं, आधी रुसणं, मग पदर ओढून घेणं, आणि शेवटी मला सांगितलं, "आता आठवणी." त्या मी काढल्या. बाई तोवर शेजारी उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी शेंगदाणे खाल्ले नाहीत, आणि बस गाठायची घाईही केली नाही.

कॉलेजला पाठवायच्या आदल्या दिवशी साहेब शेवटचं बघायला आले. आता ते आल्या आल्या खुर्ची घेऊन बसले, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. नव्या इंदूताई हसतमुख होत्या. साहेबांनी विचारलं, त्या सांगायला लागल्या, आणि नेमका फोन वाजला. साहेबांनी सवयीनं घेतला, "हो, हो, पाठवतो," म्हणाले, आणि ठेवताना त्यांच्या लक्षात आलं. ते खुर्चीत पुढे सरकले.

"माफ करा इंदूताई," ते म्हणाले. "तुम्ही सांगत होता आणि मी फोन घेतला. तसं करायला नको होतं. बोला तुम्ही."

"काय हरकत न्हाई सायेब," इंदूताई म्हणाल्या, हसून. "तुमी सांगा, काय हवंय?"

साहेब त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. जणू काही शोधत होते. मग बाईंकडे वळले. "ह्यांना काही वाटलंच नाही."

"नाही वाटत आता."

"म्हणजे मी माफी नसती मागितली तरी..."

"तरी चाललं असतं."

साहेब म्हणाले, "कॉलेजला ह्या जाऊ देत. पण आपल्याकडे, इथं ऑफिसात, आधीच्या परत आणता येतील?"

"येतील की," बाई म्हणाल्या. त्या डब्याची पिशवी भरत होत्या. "त्याच घरच्या, त्याच बोलण्याच्या, रुसतीलही तशाच. पण तुम्ही ज्यांची माफी मागितलीत त्या नाही यायच्या. येतील त्यांना तुम्ही कोण ते ठाऊक नसेल. तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून चुकावं लागेल."

खोलीत आम्ही सगळे होतो आणि कोणी पडद्याकडे बघत नव्हतं. इंदूताई मात्र हसतमुखानं आमची वाट बघत होत्या. बाईंनी बुटाची नाडी बांधली, पिशवी खांद्याला लावली आणि येरवड्याकडे जायला निघाल्या.